स्मार्ट कराराची पूर्वतयारी : विविध ऑपरेटिंग सिस्टीमवर विकसन-साधनाची स्थापना

ब्लॉकचेन तंत्रज्ञानाचा विचार करताना विद्यार्थ्यांचे लक्ष सहसा आभासी चलनाकडे जाते. प्रशासन आणि विकास यांच्या दृष्टीने मात्र या तंत्रज्ञानाचा अधिक महत्त्वाचा भाग म्हणजे स्मार्ट करार होय. ठरलेल्या अटी पूर्ण होताच ठरलेली कृती आपोआप घडवून आणणारी, ब्लॉकचेनवर नोंदलेली आज्ञावली म्हणजे स्मार्ट करार. अशा आज्ञावलीचे विकसन ज्या साधनांच्या साहाय्याने होते, ती साधने संगणकावर स्थापित करणे हे वरवर पाहता किरकोळ तांत्रिक काम वाटते. प्रत्यक्षात कराराच्या विश्वासार्हतेचा पाया याच टप्प्यावर घातला जातो. प्रस्तुत लेखात स्मार्ट कराराची संकल्पना, विंडोज, मॅकओएस व लिनक्स या तीन ऑपरेटिंग सिस्टीमवर विकसन-साधन स्थापित करण्याची पद्धत आणि त्यामागील तत्त्व यांचा परामर्श घेतला आहे.

संकल्पना आणि इतिहास

स्मार्ट करार ही कल्पना निक झाबो या संगणकतज्ज्ञाने १९९० च्या दशकात मांडली. त्याने दिलेले उदाहरण वस्तू विकणाऱ्या यंत्राचे होते. नाणे टाकले की वस्तू बाहेर येते. मध्ये विक्रेता नसतो आणि अटीचे पालन यंत्राची रचनाच करवून घेते. ही कल्पना व्यापक प्रमाणावर अमलात आणण्यासाठी कोणा एकाच्या ताब्यात नसलेली नोंदवही आवश्यक होती. २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनने अशी नोंदवही शक्य असल्याचे दाखवून दिले. विटालिक ब्युटेरिन याने २०१३ च्या अखेरीस इथेरियमची संकल्पना मांडली आणि ३० जुलै २०१५ रोजी इथेरियमचे जाळे कार्यान्वित झाले. त्यावर सर्वसाधारण स्वरूपाच्या आज्ञावली चालविता येऊ लागल्या. या आज्ञावली लिहिण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी भाषा म्हणजे सॉलिडिटी. तिचा प्रस्ताव गॅव्हिन वुड यांनी २०१४ मध्ये मांडला होता.

मनुष्याला वाचता येणारा सॉलिडिटीतील मजकूर इथेरियमचे आभासी यंत्र थेट चालवू शकत नाही. कंपायलर म्हणजेच संकलक या मजकुराचे बाइटकोडमध्ये रूपांतर करतो. ब्लॉकचेनवर जो प्रस्थापित होतो तो बाइटकोड. मूळ मजकूर नव्हे. हा भेद परीक्षेच्या दृष्टीने व व्यवहाराच्या दृष्टीनेही अत्यंत महत्त्वाचा आहे. नागरिक किंवा लेखापरीक्षक मजकूर वाचतो आणि यंत्र बाइटकोड चालविते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे संकलक.

चुकीची किंमत

सर्वसाधारण आज्ञावलीत दोष आढळल्यास नवी आवृत्ती प्रसृत करता येते. ब्लॉकचेनवर प्रस्थापित झालेला बाइटकोड मात्र बदलता येत नाही. पुढील काळातील सुधारणेची तजवीज करावयाची असल्यास ती आरंभीच कराराच्या रचनेत करावी लागते. त्यामुळे येथील चुका महाग पडतात. १७ जून २०१६ रोजी 'द डाओ' या सामूहिक गुंतवणूक करारातील दोषाचा लाभ घेऊन सुमारे ३६ लाख इथर वळते करण्यात आले. त्यावरील उपाय म्हणून जुलै २०१६ मध्ये संपूर्ण साखळीच्याच नोंदी बदलण्याचा निर्णय झाला आणि तो अमान्य असणाऱ्यांनी जुनी साखळी 'इथेरियम क्लासिक' या नावाने चालू ठेवली. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'पॅरिटी' या डिजिटल पाकिटाचा आधार असलेला एक सामाईक करार नष्ट झाला आणि ५ लाखांहून अधिक इथर कायमचे गोठले.

या दोन्ही घटनांत दोष आज्ञावली लिहिणाऱ्यांचा होता. जुलै २०२३ मधील घटना वेगळ्या प्रकारची आहे. व्हायपर या दुसऱ्या भाषेच्या ०.२.१५, ०.२.१६ व ०.३.० या तीन आवृत्त्यांच्या संकलकातच दोष होता. एकाच करारात पुन्हा पुन्हा प्रवेश करण्यास प्रतिबंध करणारे कुलूप मजकुरात योग्य रीतीने लिहिलेले होते. परंतु या आवृत्त्यांनी तयार केलेल्या बाइटकोडमध्ये ते नीट लागत नव्हते. 'कर्व्ह' या विनिमय मंचावरील काही निधींतून त्यामुळे कोट्यवधी डॉलर काढून घेण्यात आले. मजकूर वाचून हा दोष कळणे कठीण होते. कोणत्या आवृत्तीच्या संकलकाने बाइटकोड तयार केला, ही माहितीच येथे निर्णायक ठरली. साधनाची स्थापना करताना आवृत्तीची नोंद ठेवणे का आवश्यक आहे, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणे अवघड आहे.

साधनाची निवड

केवळ परिचय करून घ्यावयाचा असल्यास 'रीमिक्स' हे ब्राउझरमध्ये चालणारे साधन पुरेसे आहे. त्यासाठी संगणकावर काहीही स्थापित करावे लागत नाही. चाचण्यांसह नियमित विकसन करावयाचे असल्यास 'हार्डहॅट' व 'फाउंड्री' ही दोन साधने प्रामुख्याने वापरली जातात. हार्डहॅट हे नोड या जावास्क्रिप्ट-आधारित मंचावर चालते, तर फाउंड्री हे रस्ट या भाषेत लिहिलेले आहे. अनेक जुन्या पुस्तकांत 'ट्रफल' व 'गनाश' यांचा उल्लेख आढळतो. या दोन्ही साधनांचा विकास थांबविण्याची घोषणा सप्टेंबर २०२३ मध्ये झाली असल्याने नव्या अभ्यासकाने त्यांच्यापासून आरंभ करू नये. पुढील विवेचन हार्डहॅटला अनुसरून आहे.

स्थापनेतील सामाईक टप्पे

ऑपरेटिंग सिस्टीम कोणतीही असो, स्थापनेचे पाच टप्पे समान असतात. (आज्ञा संगणकावर रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात, येथे त्यांचा उच्चार दिला आहे.)

१. नोड व त्यासोबत येणारा एनपीएम हा संच-व्यवस्थापक स्थापित करणे. हार्डहॅटच्या तिसऱ्या पिढीसाठी नोडची २२ किंवा त्यापुढील सम क्रमांकाची आवृत्ती लागते. सम क्रमांकाच्या आवृत्त्यांना दीर्घकालीन पाठबळ मिळते, म्हणून त्याच निवडाव्यात.

२. स्थापना तपासणे. 'नोड' या शब्दानंतर जागा सोडून, दोन आडव्या रेघा देऊन त्यांना लागून 'व्हर्जन' असे टंकित केल्यास आवृत्तीचा क्रमांक दिसतो. तो न दिसल्यास पुढे जाण्यात अर्थ नाही.

३. प्रकल्पासाठी स्वतंत्र फोल्डर तयार करून त्यात 'एनपीएक्स हार्डहॅट' ही आज्ञा देणे व तिच्यापुढे दोन आडव्या रेघांसह 'इनिट' हा शब्द जोडणे. दुसऱ्या पिढीत 'इनिट' या शब्दापूर्वी रेघा नसत. आज्ञेनंतर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे दिली की नमुना प्रकल्प तयार होतो.

४. मांडणीच्या फाइलमध्ये सॉलिडिटी संकलकाची नेमकी आवृत्ती नमूद करणे. ती आवृत्ती हार्डहॅट स्वतःच उतरवून घेते. संकलक वेगळा स्थापित करावा लागत नाही.

५. 'एनपीएक्स हार्डहॅट कंपाइल' व त्यानंतर 'एनपीएक्स हार्डहॅट टेस्ट' या आज्ञा देणे. नमुना करार संकलित झाला व चाचण्या उत्तीर्ण झाल्या, म्हणजे स्थापना पूर्ण झाली असे समजावे.

चाचण्यांसाठी हार्डहॅट संगणकातच एक तात्पुरती साखळी उभारते. तिच्यावर प्रत्येकी १०,००० इथर असलेली २० खाती मिळतात. हे इथर केवळ चाचणीपुरते असते व त्याला कोणतेही मूल्य नसते. या खात्यांच्या गुप्त किल्ल्या सर्वांना ठाऊक असल्याने त्यांवर खरे चलन कदापि पाठवू नये.

विंडोज

विंडोजवर दोन मार्ग उपलब्ध आहेत. पहिल्या मार्गात नोडच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्थापना-फाइल उतरवून ती थेट चालवावी. या मार्गाने जाताना पॉवरशेलमध्ये 'या संगणकावर स्क्रिप्ट चालविण्यास अनुमती नाही' अशा आशयाचा संदेश येण्याची शक्यता असते. ही बिघाडाची खूण नसून सुरक्षेची तरतूद आहे. अशा वेळी साध्या कमांड प्रॉम्प्टचा वापर करावा किंवा केवळ स्वतःच्या खात्यापुरती अनुमती बदलावी.

दुसरा व अधिक सोयीचा मार्ग म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालविणारी 'डब्ल्यूएसएल' ही सुविधा. प्रशासकाच्या अधिकाराने पॉवरशेल उघडून 'डब्ल्यूएसएल' या शब्दापुढे दोन आडव्या रेघांसह 'इन्स्टॉल' टंकित केल्यास उबुंटू स्थापित होते. संगणकाच्या मूळ मांडणीत आभासीकरणाची सुविधा बंद असल्यास ती आधी सुरू करावी लागते. त्यानंतरचे सर्व टप्पे लिनक्सप्रमाणेच आहेत. प्रकल्पाच्या फाइल मात्र विंडोजच्या 'सी' ड्राइव्हवर न ठेवता लिनक्समधील स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात. अन्यथा काम लक्षणीयरीत्या मंदावते. फाउंड्रीचे स्थापना-साधन पॉवरशेलमध्ये चालत नसल्याने ते वापरू इच्छिणाऱ्यांनाही डब्ल्यूएसएल किंवा गिट बॅश यांचाच आधार घ्यावा लागतो.

मॅकओएस

मॅकओएसवर प्रथम ॲपलची आज्ञा-साधने आणि त्यानंतर 'होमब्रू' हा संच-व्यवस्थापक स्थापित करण्याची प्रथा आहे. होमब्रूच्या साहाय्याने नोड एका आज्ञेत स्थापित होतो. येथे संगणकाचा प्रोसेसर कोणता आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. नोव्हेंबर २०२० पासून ॲपलने स्वतःच्या बनावटीचे प्रोसेसर वापरण्यास आरंभ केला. इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर व नव्या मॅकवर होमब्रूचे संच निरनिराळ्या ठिकाणी साठविले जातात. जुन्या संगणकावरील माहिती जशीच्या तशी नव्यावर आणल्यास दोन ठिकाणच्या दोन नोड आवृत्त्यांचा गोंधळ उद्भवू शकतो. तसेच सॉलिडिटीचे जुने संकलक इंटेलसाठी तयार केलेले असल्याने नव्या मॅकवर ते 'रोझेटा २' या अनुवादक सुविधेद्वारे चालवावे लागतात.

लिनक्स

लिनक्सवर सर्वांत सुलभ वाटणारा मार्ग म्हणजे त्या वितरणाच्या भांडारातून नोड घेणे. परंतु स्थैर्याला प्राधान्य देणाऱ्या वितरणांच्या भांडारांत नोडची आवृत्ती बहुधा जुनी असते. त्यामुळे 'एनव्हीएम' हा आवृत्ती-व्यवस्थापक वापरणे श्रेयस्कर. त्याद्वारे एकाच संगणकावर अनेक आवृत्त्या ठेवून प्रकल्पानुसार हवी ती निवडता येते. मॅकओएस व डब्ल्यूएसएल यांवरही तो चालतो. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीम डेबियन या लिनक्स वितरणावर आधारित असल्याने तिच्या वापरकर्त्यांनाही हीच पद्धत अनुसरता येते.

नवखे विद्यार्थी अनुमतीविषयी त्रुटी आली की 'सुडो' हा शब्द जोडून प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा देतात. ही सवय घातक आहे. महाजालावरून येणाऱ्या संचांना त्यामुळे संपूर्ण संगणकावर अधिकार मिळतो. लोकप्रिय संचांशी नामसाधर्म्य राखणारे घातक संच एनपीएमच्या भांडारात शिरविण्याचे प्रकार घडले आहेत. हार्डहॅटच्या पूरक संचांची नक्कल करून विकसकांच्या गुप्त किल्ल्या पळविणारे असे संच २०२५ च्या आरंभी उघडकीस आले. म्हणून संचाच्या नावातील प्रत्येक अक्षर तपासूनच आज्ञा द्यावी.

तीन प्रणाली, एकच बाइटकोड

या तीन प्रणालींवर काम करणाऱ्या तिघांनी एकच मजकूर संकलित केला, तर उत्पन्न होणारा बाइटकोड समान असेल काय? संकलकाची आवृत्ती, त्याची मांडणी व मूळ मजकूर ही तिन्ही समान असल्यास तो समान असावयास हवा. सॉलिडिटीच्या चाचणी व्यवस्थेतही निरनिराळ्या प्रणालींसाठी तयार केलेल्या संकलकांचा बाइटकोड परस्परांशी ताडून पाहिला जातो. तथापि यांपैकी एका बाबतीत जरी फरक पडला, तरी समानता भंगते.

पहिला फरक आवृत्तीचा. मे २०२३ मध्ये आलेल्या ०.८.२० या आवृत्तीपासून सॉलिडिटीचा संकलक 'पुश-झिरो' ही नवी सूचना गृहीत धरून बाइटकोड तयार करू लागला. इथेरियमच्या मुख्य जाळ्याने ती स्वीकारली होती. परंतु इतर काही साखळ्यांनी तोवर स्वीकारली नव्हती. त्यामुळे ०.८.१९ ने संकलित केलेला करार जेथे चालत होता, तेथे ०.८.२० ने संकलित केलेला तोच करार चालेनासा झाला. मजकुराच्या आरंभी आवृत्ती लिहिताना क्रमांकापूर्वी टोपीसारखे चिन्ह दिल्यास त्यापुढील अनेक आवृत्त्यांना मुभा मिळते. अभ्यासासाठी हे चालेल. पण साखळीवर प्रस्थापित करावयाच्या करारात एकच नेमकी आवृत्ती नमूद करणे इष्ट होय.

दुसरा फरक मांडणीचा. बाइटकोड आटोपशीर करणारी सुविधा चालू आहे की बंद, यावर अंतिम बाइटकोड अवलंबून असतो. म्हणून मांडणीची फाइल हा मूळ मजकुराचाच भाग मानून जतन केली पाहिजे.

तिसरा फरक डोळ्यांना न दिसणारा आहे. ओळ संपल्याची खूण म्हणून विंडोजमध्ये परंपरेने दोन चिन्हे वापरली जातात, तर लिनक्स व मॅकओएसमध्ये एकच. सॉलिडिटीचा संकलक बाइटकोडच्या शेवटी एका माहितीपत्रकाचा हॅश जोडतो. त्या माहितीपत्रकात मूळ फाइलच्या हॅशचा समावेश असतो. त्यामुळे एखादी टीप बदलली किंवा ओळीच्या शेवटचे चिन्ह बदलले, तरी कराराचे कार्य तेच राहूनही बाइटकोडचा शेवटचा भाग बदलू शकतो. सर्व संगणकांवर ओळीच्या शेवटी एकच चिन्ह वापरण्याचा नियम प्रकल्पाच्या गिट मांडणीत घालून दिल्यास ही अडचण टळते.

नोडच्या पूरक संचांबाबतही हीच दक्षता घ्यावी लागते. स्थापनेच्या वेळी तयार होणाऱ्या 'पॅकेज-लॉक' फाइलमध्ये प्रत्येक संचाची नेमकी आवृत्ती नोंदलेली असते. ही फाइल सहकाऱ्यांना दिली आणि त्यांनी 'एनपीएम सीआय' ही आज्ञा वापरली, तर सर्वांना त्याच आवृत्त्या मिळतात.

भारतीय संदर्भ

हा तपशील केवळ आज्ञावलीकारांपुरता मर्यादित नाही. निती आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ब्लॉकचेनविषयक धोरण-दस्तऐवज प्रसिद्ध केला. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय रणनीती जाहीर केली. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय ब्लॉकचेन आराखड्यांतर्गत 'विश्वस्य' हा तंत्रज्ञान-संच सुरू झाला. त्यासाठी भुवनेश्वर, पुणे व हैदराबाद येथील राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या माहिती केंद्रांचा उपयोग करण्यात आला. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये जातीच्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीसाठी पॉलिगॉन या इथेरियमशी सुसंगत साखळीचा वापर करण्यात आला.

सरकारी उपयोजने बहुतांशी परवानगीप्राप्त साखळ्यांवर चालतात; तेथे पडताळणीचा अधिकार नेमलेल्या संस्थांकडे असतो. सार्वजनिक साखळीवर मात्र प्रसिद्ध केलेला मजकूर कोणीही आपल्या संगणकावर संकलित करून साखळीवरील बाइटकोडशी ताडून पाहू शकतो. दोहोंतही तत्त्व एकच आहे. वाचलेला मजकूर व चालणारी आज्ञावली एकच असल्याची खात्री स्वतंत्रपणे करून घेता आली पाहिजे. प्रमाणपत्रावर ज्याचा प्रवेश किंवा शिष्यवृत्ती अवलंबून आहे, त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या खात्रीचे मोल मोठे आहे.

या पडताळणीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. बाइटकोड जुळला म्हणजे करार निर्दोष आहे, असे सिद्ध होत नाही. तसेच साखळीवर भरलेली माहिती मुळातच चुकीची असेल, तर ती चूकही तितकीच टिकाऊ होते. कायद्याच्या दृष्टीनेही प्रत्येक स्मार्ट करार हा आपोआप वैध करार ठरत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १० मधील मुक्त संमती, सक्षम पक्ष, कायदेशीर मोबदला व कायदेशीर उद्देश या अटी पूर्ण व्हाव्याच लागतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम १०-क एवढेच सांगते की, केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला म्हणून करार अंमलबजावणीस अपात्र ठरत नाही.

समारोप

दस्तऐवजाच्या व्यवहारात मूळ प्रत व नक्कल ताडून पाहिल्याशिवाय 'अस्सल बरहुकूम' असा शेरा मारला जात नाही. स्मार्ट कराराच्या व्यवहारात ताडून पाहण्याचे ते काम संकलकाकडे आले आहे. साधनाची नेमकी आवृत्ती, तिची मांडणी आणि संचांची नोंद जतन करणारा विद्यार्थी इतरांना आपले काम तपासून पाहण्याची संधी देत असतो. विंडोज, मॅकओएस व लिनक्स यांचे मार्ग भिन्न असले, तरी त्यांच्या अखेरीस एकच बाइटकोड मिळाला, तरच स्थापना यशस्वी झाली असे म्हणता येईल.

सरावासाठी प्रश्न

१. मूळ मजकूर व बाइटकोड यांतील भेद स्पष्ट करून त्यात संकलकाची भूमिका विशद करा.

२. जुलै २०२३ मधील व्हायपर संकलकाच्या दोषाची घटना २०१६ च्या 'द डाओ' घटनेपेक्षा कोणत्या अर्थाने वेगळी आहे?

३. भिन्न ऑपरेटिंग सिस्टीमवर समान बाइटकोड मिळविण्यासाठी कोणती दक्षता घ्यावी लागते?

४. 'बाइटकोडची पडताळणी ही विश्वासार्हतेची आवश्यक अट आहे; परंतु पुरेशी अट नाही.' सार्वजनिक प्रशासनाच्या संदर्भात चर्चा करा.